तीनतालाचा लेहरा : मिडी आणि ध्वनिमुद्रण – प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२४ : काय बनवायचं आहे

तबल्याच्या रियाजासाठी पेटीवरचा लेहरा, म्हणजे तबलजीला ताल धरून राहता यावा म्हणून पुन्हा पुन्हा वाजवली जाणारी एका आवर्तनाची धून. ताल तीनताल, राग चंद्रकंस. गती मिनिटाला ३० मात्रांपासून २४० मात्रांपर्यंत हवी आणि सा कुठल्याही पट्टीत लावता आला पाहिजे. सगळा प्रश्न या दोन अटींमध्येच आहे. एका गतीचा, एका पट्टीतला लेहरा मुद्रित करून ठेवणं सोपं, पण रियाज एका गतीत होत नाही.

दोन्ही वाटांनी काम करायचं. पहिली वाट मिडीची : कीबोर्डवर लेहरा वाजवायचा आणि कुठली पट्टी कधी दाबली, कधी सोडली एवढंच नोंदवायचं. दुसरी ध्वनिमुद्रणाची : खऱ्या पेटीसमोर मायक्रोफोन ठेवून हवेतला आवाज नोंदवायचा. पहिल्या नोंदीत कृती असते पण आवाज नसतो. दुसरीत आवाज असतो, पण त्यातल्या कृती वेगळ्या काढता येत नाहीत. लेहऱ्यातला कुठला भाग कुठल्या नोंदीत टिकतो, ते प्रत्यक्ष मोजून ठरवायचं.

आकारमानाचा अंदाज. ६० मात्रांच्या गतीत तीनतालाचं एक आवर्तन (१६ मात्रा) १६ सेकंदांचं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ मुद्रणात सेकंदाला २,८८,००० बाइट लागतात, म्हणजे आवर्तनाला सुमारे ४.६ मेगाबाइट. मिडीत त्याच आवर्तनातले वीसेक स्वर, प्रत्येकाचं दाबणं आणि सोडणं धरूनही, पाव किलोबाइटच्या आसपास बसतात. ही तफावत म्हणजे दाबून लहान केलेला आवाज नव्हे. त्या पाव किलोबाइटमध्ये आवाज मुळातच नाही.

९ जानेवारी : तारेतून नेमकं काय जातं

कीबोर्डच्या पाच पिनांच्या मिडी आउटमधून येणारे आकडे वाचण्यासाठी आर्डुइनो उनो या छोट्या संगणक-बोर्डवर छोटं सर्किट बांधलं. ऑप्टोकपलर (तारेने न जोडता प्रकाशातून संदेश पलीकडे देणारा भाग) ६एन१३८. सॉकेटची ४ क्रमांकाची पिन २२० ओहमच्या रेझिस्टरमधून ६एन१३८च्या पिन २ ला, सॉकेटची पिन ५ थेट पिन ३ ला. या दोन पिनांवर १एन४१४८ डायोड उलटा, म्हणजे पट्ट्याची बाजू पिन २ कडे. पिन ८ ला ५ व्होल्ट, पिन ५ ग्राउंड, पिन ६ वरून आउटपुट आणि तिथून ५ व्होल्टला ४७० ओहमचा पुल-अप. पिन ७ ते ग्राउंड १० किलोओहम.

पिन ७ चा रेझिस्टर बऱ्याच जुन्या आकृत्यांमध्ये नसतो. तो नसला तर ६एन१३८ बंद व्हायला वेळ घेतो, बिटच्या कडा पसरतात आणि मधूनच चुकीचे आकडे दिसतात. दोष केबलचा वाटतो आणि शोध भलतीकडे जातो. सॉकेटची पिन २ घेणाऱ्या बाजूला ग्राउंडला जोडायची नाही. दोन उपकरणांची ग्राउंड वेगळी राहावीत म्हणूनच तर ऑप्टोकपलर आहे. पिन २ जोडली की आवाजाच्या बाजूला ५० हर्ट्झची गुणगुण सुरू होण्याची वाट मोकळी होते.

सीरिअलचा वेग ३१,२५० बिट प्रति सेकंद. हा आकडा विचित्र दिसतो, पण तो १ मेगाहर्ट्झचा बरोबर बत्तिसावा भाग आहे, त्यामुळे १९८३ सालच्या साध्या चिपांनाही घड्याळ भागून तो मिळवता येत असे. एक बिट ३२ मायक्रोसेकंदांचा. सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून एका बाइटला १० बिट, म्हणजे ३२० मायक्रोसेकंद. उनोमध्ये प्रोग्राम चढवताना पिन ० वरची मिडीची तार काढून ठेवावी. तीच पिन यूएसबीसाठीही वापरली जाते, त्यामुळे तार लावलेली असली तर प्रोग्राम चढत नाही.

काळी एक (सप्तकातली पहिली काळी पट्टी) दाबल्यावर आलेले आकडे : १४४, ६१, ८७. पट्टी सोडल्यावर : १२८, ६१, ६४. १४४ म्हणजे पहिल्या चॅनलवर पट्टी दाबली, ६१ हा पट्टीचा क्रमांक, ८७ हा दाबण्याचा वेग. काही कीबोर्ड १२८ पाठवतच नाहीत. ते पुन्हा १४४ पाठवून वेग ० देतात आणि त्याचाही अर्थ पट्टी सोडली असाच होतो. वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये दोन्ही प्रकार धरले नाहीत तर स्वर अडकून राहतो. पेटीच्या आवाजात हे फार जाणवतं, कारण पियानोचा अडकलेला स्वर हळूहळू विरतो आणि पेटीचा वाजतच राहतो.

पट्टी कुठलीही असो, तारेवरचा प्रवास तीन बाइटांचा, ०.९६ मिलिसेकंदांचा. सा-प-सा एकदम दाबले तर ते एकदम जात नाहीत, एकामागून एक जातात. तिसरा सा पोचेपर्यंत जवळजवळ तीन मिलिसेकंद होतात. लेहऱ्यात बहुतेक एकच स्वर असतो, त्यामुळे इथे ही अडचण नाही.

१० जानेवारी : तीच तार ध्वनी म्हणून ऐकली तर

मिडीची तार स्पीकरला लावली तर काय ऐकू येईल, हे तोंडी सांगण्यापेक्षा मोजून दाखवलं की फरक कायमचा लक्षात राहतो. ६एन१३८चं आउटपुट १० किलोओहम आणि १ किलोओहमच्या विभाजकातून घेतलं, म्हणजे ५ व्होल्टचे सुमारे ०.४५ व्होल्ट होतात, आणि ध्वनी इंटरफेसच्या लाइन इनपुटला दिलं. फॅन्टम पॉवर बंदच हवी. मायक्रोफोनसाठीचे ४८ व्होल्ट या सर्किटात गेले तर भाग जळू शकतात.

प्रत्येक स्वराला एक कोरडी टिक ऐकू येते. मध्य सप्तकातला सा (६१) आणि तार सा (७३) यांची टिक कानाला सारखीच, कारण दोन्हींत फरक आहे तो थोड्या बिटांचा. हळू दाबली किंवा जोरात दाबली तरी टिकेचा आवाज तेवढाच. पट्टी दहा सेकंद धरून ठेवली तर मधल्या काळात त्या पट्टीची एकही टिक नाही. काही कीबोर्ड रिकाम्या वेळेतही २५४ हा एकच बाइट ३०० मिलिसेकंदांच्या आत पुन्हा पुन्हा पाठवतात, तार जोडलेली आहे हे कळावं म्हणून. त्याची बारीक टकटक मात्र ऐकू येते. तिला बिघाड समजू नये.

४८ किलोहर्ट्झवर मुद्रित केलेल्या लहरीत बिटांचे कोपरे गोल दिसतात. आलटूनपालटून येणाऱ्या बिटांची मूळ वारंवारता १५,६२५ हर्ट्झ आहे आणि २४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं गाळलं जातं, म्हणून चौकोनाची जवळजवळ साइन लहर होते. १९२ किलोहर्ट्झवर एका बिटमागे सहा नमुने मिळतात आणि पडद्यावर बोट ठेवून बाइट वाचता येतो.

१३ जानेवारी : सारखे दिसणारे जॅक

पाच पिनांचा हाच सॉकेट जुन्या युरोपीय टेप रेकॉर्डरांवर आणि रेडिओंवर ध्वनीसाठी असायचा. घरातली जुनी ऑडिओ केबल मिडीत नीट बसते, पण आतल्या तारा उलटसुलट असू शकतात. मल्टिमीटरने पिन ४ ते ४ आणि ५ ते ५ तपासावं. लांबी १५ मीटरच्या आत.

३.५ मिलिमीटरच्या मिडी जॅकमध्ये घोटाळा जास्त. ए प्रकारात टोकाला पिन ५ आणि मधल्या कड्याला पिन ४, बी प्रकारात नेमकं उलट. मिडी संघटनेने २०१८ मध्ये ए प्रकार प्रमाण केला, त्याआधीची उपकरणं दोन्ही प्रकारांची सापडतात. चुकीच्या प्रकाराने काही बिघडत नाही, फक्त संदेश पोचत नाही, कारण ऑप्टोकपलरचा एलईडी उलटा पडतो. या जॅकमध्ये हेडफोन लावले तर १० जानेवारीचीच टिकटिक.

२० जानेवारी : पेटीला दाबण्याच्या वेगाचा उपयोग नाही

लेहरा कीबोर्डवर वाजवून मिडीत घेतला. विभाजन मात्रेला ९६० टिक (टिक म्हणजे इथे आवाज नव्हे, मिडीतलं वेळेचं सर्वांत लहान माप), म्हणजे एका आवर्तनाचे १५,३६० टिक. बऱ्याच सॉफ्टवेअरांत ४८० ठरलेलं असतं. ६० च्या गतीला ते चालतं, पण ३० मात्रांच्या विलंबितात ४८० चा एक टिक ४.१७ मिलिसेकंदांचा होतो आणि वादकाने स्वर किंचित मागे ठेवला असेल तर ते मागे ठेवणं गोल होऊन जातं. ९६० मध्ये तो २.०८ मिलिसेकंदांचा.

काळी एक सा धरल्यावर स्वरांचे क्रमांक : सा ६१, कोमल ग ६४, म ६६, कोमल ध ६९, नी ७२, तार सा ७३. नावांऐवजी क्रमांकच लिहून ठेवायचे. ६० क्रमांकाच्या स्वराला काही कंपन्या सी-३ म्हणतात, काही सी-४, आणि फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेली की सप्तक चुकल्याचा भास होतो.

मिडीतला तिसरा आकडा, दाबण्याचा वेग, पियानोसाठी महत्त्वाचा. तिथे हातोडी जेवढ्या वेगाने तारेवर आदळते तेवढा आवाज. पेटीत पट्टी फक्त हवेची वाट उघडते, आवाजाचं लहानमोठेपण भात्यातून येतं. म्हणून सँपलरमध्ये (मुद्रित नमुने मिडीच्या संदेशांवर वाजवणारं सॉफ्टवेअर) वेगाचा आवाजाशी संबंध तोडून टाकला आणि भात्यासाठी ११ क्रमांकाचा कंट्रोल (यंत्राची एखादी सेटिंग बदलणारा मिडी संदेश) घेतला, कीबोर्डच्या पेडलवरून. तो पेडल हलत असताना सेकंदाला शंभर संदेश गेले तरी ३०० बाइट होतात, तारेच्या ३,१२५ बाइटांच्या क्षमतेतले दहा टक्क्यांहून कमी.

हा कंट्रोल वगळला तर लेहरा लगेच यांत्रिक वाटतो. तेराव्या मात्रेपासून समेकडे, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेकडे, जाताना भाता किंचित वाढतो, आणि तबलजी नकळत त्या वाढण्यावरच सम पकडत असतो.

२१ जानेवारी : तयार आवाज तपासले

जनरल मिडीच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांसाठी सारख्या ठरवलेल्या वाद्य-क्रमांकांच्या, १९९१ च्या यादीत पेटी नाही. सर्वांत जवळचा २१ क्रमांकाचा रीड ऑर्गन, त्यानंतर २२ चा अकॉर्डियन. सतार १०५ वर आहे, शहनाई ११२ वर, पेटी मात्र कुठेच नाही. एकच फाइल तीन यंत्रांवर वाजवली तर तीन वेगळी वाद्यं ऐकू येतात, कारण फाइलमध्ये ‘२१’ एवढाच आकडा आहे आणि आवाज ज्या-त्या यंत्राचा. रियाजासाठी यातलं काही पुरेसं वाटलं नाही. पेटीचेच नमुने घ्यायचे.

३ फेब्रुवारी : पेटीचे नमुने

साडेतीन सप्तकांची, ४२ पट्ट्यांची पेटी, खर्ज-नर, म्हणजे प्रत्येक पट्टीला दोन रीड (हवेने थरथरणाऱ्या धातूच्या जिभा) : नराचा मूळ जागी, खर्जाचा एक सप्तक खाली. सा ५६ (काळी चार) ते ६७ (पांढरी पाच) यांपैकी कुठेही असू शकतो. लेहरा मंद्र कोमल धपासून तार सापर्यंत जातो. म्हणून ५२ ते ७९ या २८ पट्ट्या पुरेत.

प्रत्येक पट्टी दहा सेकंद, भाता स्थिर, दोन दाबांत : एकदा हलका, एकदा भरलेला. दाब वाढला की रीडचा सूर थोडा सरकतो, त्यामुळे एकाच नमुन्याचा आवाज कमीजास्त करून भागत नाही. मायक्रोफोन ६० सेंटिमीटरवर, पट्ट्यांच्या बाजूला. भात्याच्या बाजूला ठेवला तर हवेची फुसफुस स्वरापेक्षा पुढे येते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो, शिखर उणे १२ डेसिबलपर्यंत. एकूण ५६ नमुने, सुमारे ८१ मेगाबाइट.

वेळ खाल्ला तो लूपने. स्वर कितीही वेळ धरला जाऊ शकतो, म्हणून नमुन्याचा मधला भाग फिरता ठेवावा लागतो. खर्ज आणि नर एकमेकांशी तंतोतंत मिळालेले नसतात. खर्जाचा दुसरा स्वरांश आणि नराचा मूळ स्वर यांच्यात हलकी लाट असते आणि पेटीचा भरलेपणा त्यातूनच येतो. लूपची लांबी त्या लाटेच्या पूर्ण पटीत नसेल तर दर फेरीला एक ठेच ऐकू येते. लाट सेकंदाला दीड असेल तर लूप बरोबर २ सेकंदांचा, म्हणजे तीन लाटा. १.८ सेकंदांचा लूप लहरीच्या शून्यावर नीट जोडला तरी ठेच लागतेच.

यासाठीच प्रत्येक पट्टी वेगळी मुद्रित करावी. दर तिसरी पट्टी घेऊन मधल्या ताणून भरण्याची पद्धत पेटीला मानवत नाही. नमुना दोन पट्ट्या वर नेला की लाटही १२ टक्क्यांनी वेगवान होते आणि शेजारच्या दोन स्वरांचा पोत वेगळा ऐकू येतो.

११ फेब्रुवारी : स्वर जागेवर आणणं

मिडीचा पट्टी-क्रमांक समान बारा भागांच्या सप्तकाला धरून असतो. चंद्रकंसचा कोमल ग ६:५ या प्रमाणात लावायचा तर तो १५.६ सेंट (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) वर हवा, कोमल ध ८:५ प्रमाणे १३.७ सेंट वर, नी १५:८ प्रमाणे ११.७ सेंट खाली, म फक्त २ सेंट खाली. तानपुऱ्यासमोर नीचा फरक सर्वांत आधी कानाला टोचतो.

मिडीत हे पिच बेंडने, म्हणजे स्वर किंचित वर-खाली सरकवणाऱ्या संदेशाने, करता येतं. त्याचा आकडा ० ते १६,३८३ आणि मधला ८,१९२. पल्ला दोन पट्ट्यांचा असेल तर एका सेंटला ४०.९६ पायऱ्या. त्यावरून कोमल ग ८,८३३, म ८,११२, कोमल ध ८,७५३, नी ७,७११. पाठवताना आकड्याचे सात-सात बिटांचे दोन तुकडे होतात आणि लहान तुकडा आधी जातो. दुसऱ्या चॅनलवर कोमल ग लावायचा तर २२५, १, ६९.

दोन ठिकाणी हमखास बिघडतं. बेंड हा पूर्ण चॅनलचा असतो, एका स्वराचा नव्हे. सगळे स्वर एकाच चॅनलवर ठेवले तर कोमल ग लावताना मागच्या साची शेपटीही वर सरकते. म्हणून सा, ग, म, ध, नी यांना पाच वेगळे चॅनल दिले. दुसरी जागा पल्ल्याची. सँपलरने तो बारा पट्ट्यांचा धरला असेल तर १५.६ सेंटचे जवळजवळ ९४ होतात आणि कोमल ग शुद्ध गच्या उंबऱ्यावर जाऊन बसतो. फाइलच्या सुरुवातीलाच प्रत्येक चॅनलवर पल्ला सांगून टाकावा : कंट्रोल १०१ ला ०, १०० ला ०, ६ ला २, ३८ ला ०, शेवटी १०१ आणि १०० ला १२७. बेंडचे संदेश प्रत्येक आवर्तनाच्या आरंभी पुन्हा ठेवले. फाइल मधूनच सुरू केली तर काही प्लेअर मागचे संदेश वाचत नाहीत.

त्याआधी नमुन्यांतल्या प्रत्येक रीडचा मूळ फरक मोजून सँपलरमध्ये शून्यावर आणावा लागतो. गांधार ट्यूनिंगची (एका ठरावीक सासाठी स्वर शुद्ध प्रमाणांत लावलेली) पेटी असेल तर तो आणखी मोठा असतो. अशी पेटी एकाच सासाठी सुंदर लागते आणि तिचं मुद्रण दुसऱ्या पट्टीत नेलं तरी स्वरांतरं शाबूत राहतात. तिच्याच नमुन्यांवर सा बदलला तर मात्र फरक चुकीच्या स्वरांवर जाऊन पडतात. मिडीत फरक पट्टीला चिकटवायचा नाही, स्वराला चिकटवायचा.

१८ फेब्रुवारी : मुद्रण ताणून पाहिलं

पेटीवर प्रत्यक्ष वाजवलेला लेहरा, ६० मात्रा, काळी एक. दुप्पट वेगाने नुसता वाजवला तर अपेक्षेप्रमाणे पूर्ण सप्तक वर गेला. स्वर जागेवर ठेवून वेळ आवळणाऱ्या पद्धतीने ७० पर्यंत छान, ८० ला ठीक, ९० नंतर खर्ज-नरातली लाट थरथरायला लागली आणि १२० ला पट्टीच्या सुरुवातीचा ठोसा विरघळून गेला. रियाजात ते विरघळणंच नडतं. तबलजीला स्वराची कड ऐकू आली पाहिजे.

उलट दिशेला, ४० च्या खाली, स्वर लांबतात तसा भाताही लांबतो. मिडीत गती बदलली तर पट्ट्यांच्या वेळा बदलतात, पण नमुन्यातली कड आणि लाट मूळच्याच राहतात.

काळी एकवरून काळी चारवर, म्हणजे पाच पट्ट्या खाली नेलेलं मुद्रण दुसऱ्या, मोठ्या पेटीसारखं वाजतं. लाकडाच्या पेटाऱ्याचा अनुनाद स्वराबरोबर खाली घसरतो, प्रत्यक्षात पेटारा तोच असतो. मिडीत क्रमांकांतून ५ वजा केले की काम झालं. तबल्याचा ठेका दहाव्या चॅनलवर असेल तर तो वगळूनच वजाबाकी करावी, नाहीतर तिथे प्रत्येक क्रमांक म्हणजे वेगळं वाद्य असल्यामुळे बोलच बदलतात.

२५ फेब्रुवारी : मुद्रणावरून मिडी काढता येतो का

एकट्या नरावर, सावकाश वाजवलेला लेहरा ओळख-प्रोग्रामने बराचसा बरोबर उतरवला. खर्ज उघडला की सप्तकाच्या चुका सुरू : ६१ च्या जागी ४९. आणि यात प्रोग्रामचा दोष थोडाच आहे, कारण ४९ चा स्वर खरोखरच वाजत असतो. तो खर्जाच्या रीडचा आहे आणि दाबलेली पट्टी ६१ आहे, हे आवाजात कुठे लिहिलेलं नसतं.

शिवाय वेळ लागतो. ४९ क्रमांकाचा स्वर १३८.६ हर्ट्झचा, त्याच्या लहरीचं एक आवर्तन ७.२ मिलिसेकंदांचं. निदान दोन आवर्तनं ऐकल्याशिवाय स्वर ठरवता येत नाही, म्हणजे १४ मिलिसेकंद उशीर. मुद्रित फाइलवर तो भरून काढता येतो, चालू वादनात नाही. काढलेला मिडी हाताने दुरुस्त करण्यापेक्षा कीबोर्डवर नव्याने वाजवणं लवकर होतं.

३ मार्च : आवर्तनाचा सांधा

मिडीत : शेवटच्या स्वराचं सोडणं १५,३६० व्या टिकवर ठेवलं तर काही प्लेअर लूप फिरवताना ते गाळतात आणि नी समेवरही वाजत राहतो. १५,३४० वर ठेवलं. थांबवण्याच्या बटनाला कंट्रोल १२३ (सगळे स्वर सोडण्याचा संदेश) जोडला, पाचही चॅनलवर.

ध्वनी फाइलमध्ये : एकच आवर्तन बाहेर काढलं तर शेवटच्या स्वराची शेपटी कापली जाते आणि समेला खड्डा पडतो. सलग तीन आवर्तनं बाहेर काढून मधलं कापून घ्यायचं, म्हणजे त्याच्या सुरुवातीला आधीच्या आवर्तनाची शेपटी आलेली असते. ६० च्या गतीला ७,६८,००० नमुने, ८० ला ५,७६,०००, १२० ला ३,८४,०००. ७० ला पूर्णांक येत नाही, ६,५८,२८६ घेतले. फरक नमुन्याच्या तिसऱ्या भागाहून कमी आहे, कानाला कळत नाही.

एमपी३ लूपसाठी घेऊ नये. त्या पद्धतीत फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता जोडली जाते. दर आवर्तनाला सम मागे सरकते आणि द्रुतात तिहाई चुकल्यासारखी वाटते. वेव्ह किंवा फ्लॅक.

१० मार्च : काय कुठे ठेवलं

पेटीचा लेहरा मिडी आणि नमुन्यांवर. तानपुरा ध्वनिमुद्रणच, प्रत्येक सासाठी वेगळं, कारण जवारीचा झणत्कार पट्टी दाबण्या-सोडण्याच्या भाषेत मांडायला काही शिल्लकच राहत नाही. सारंगीचा लेहराही मुद्रणातच ठेवायचा, ५०, ६०, ७०, ८० अशा जवळजवळच्या गतींत वेगवेगळा वाजवून. तिची मींड पिच बेंडने आखता येते, पण गजाचा दाब आणि वेग मींडेबरोबर सतत बदलतात आणि नमुना तेवढा लवचिक नसतो.

वाटपाच्या फोल्डरमध्ये : मिडी फाइल, ५६ नमुने, स्वरांच्या फरकाचा तक्ता, आणि ज्यांना सँपलर नको त्यांच्यासाठी ३० ते २४० मात्रांच्या तयार वेव्ह फाइली, दर दहा मात्रांना एक. नुसती मिडी फाइल कुणाला द्यायची नाही. ती त्यांच्या फोनवर रीड ऑर्गनच्या आवाजात, समान सप्तकात आणि भात्याशिवाय वाजेल.

राहिलेलं काम : रूपक आणि झपताल. झपतालात १० मात्रांचे ९,६०० टिक, सोडण्याची जागा ९,५८०.